सामन्याआधी कुठे जेवायचं

२ सप्टेंबर, शनिवार

कोपऱ्यावरची खानावळ गेली. स्टेडियमच्या तीन नंबरच्या फाटकासमोर आज तिथे मोबाइलचं दुकान होतं, सगळी काच आणि पांढरा उजेड. आमचं खिडकीजवळचं टेबल असायचं त्या जागी एक मुलगी गळ्यात पट्टा अडकवून हसत उभी होती. विहीणबाईंनी काचेतून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आता काय, चार्जर चावायचे?"

मोसमातला पहिला सामना, चारला सुरू होणार, आणि आम्ही दोघी उपाशी रस्त्यावर. आत काही खायचं नेऊ देत नाहीत, आणि आत जे विकतात ते खाण्यापेक्षा न खाल्लेलं बरं. शेवटी बोळातल्या गाडीवर तळलेली मासळी घेतली, उभ्यानेच. विहीणबाईंना दुसऱ्याच घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. काटा असेल म्हणाल्या. गाडीवाला म्हणाला, "मावशी, माझ्या मासळीत काटा निघाला तर ही गाडी तुमच्या नावावर करतो." उरलेला तुकडा त्यांनी कागदासकट माझ्या हातात दिला. मी खाल्ला. काटा नव्हता.

हे लिहायला बसले ती त्यांच्याच सांगण्यावरून. "नवी जागा शोधायची तर दर सामन्याला एक बघू. तुम्ही लिहून ठेवा, नाहीतर डिसेंबरात भांडाल की मी असं बोललेच नव्हते." माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं अक्षर सुधारलं ते गिऱ्हाइकांची मापं लिहून लिहून. म्हणून मापांच्याच वहीची मागची पानं घेतली आहेत. पुढून छाती, कंबर, बाही. मागून आम्ही दोघी.

वही कुणाच्या हाती लागली तर कळावं म्हणून लिहिते. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. मी शिवणाच्या मशीनवर. मुलांच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हाच आमचे हे आणि व्याही फुटबॉलवरून एकमेकांना असे चिकटले की नवरा-नवरी राहिली बाजूला. उत्तरेच्या स्टँडमध्ये शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांचे वर्षाचे पास त्यांनी घेतले. मग दीड वर्षाच्या आत दोघंही गेले. पास वाया कशाला घालवायचे, म्हणून आम्ही बायका एकदा गेलो. त्याला सहा वर्षं झाली. ऑफसाइड काय असतं ते मला अजून कळत नाही. विहीणबाई कळल्यासारखा चेहरा करतात.

तर ठरलं असं. एकदा जागा मी निवडायची, एकदा त्यांनी. दोघींची ताटं रिकामी झाली तर जागा पास. मासळीची गाडी नापास.

५ सप्टेंबर, मंगळवार

विहीणबाई करडा कोट घेऊन आल्या, कमरेत आत घेऊन द्या म्हणाल्या. मागच्या हिवाळ्यात याच वहीत कंबर छत्तीस लिहिली आहे. आज साडेतेहतीस भरली. मला वाटलं माझा हात चुकला, म्हणून टेप पुन्हा लावली. तेवढीच.

"गुडघ्यांसाठी वजन उतरवायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"मलाही सांगा की काय करता ते. माझ्याभोवती टेप फिरवायची झाली तर दोन टेपा जोडाव्या लागतील."

हसल्या. आवाज बसलाय त्यांचा, सर्दीने असेल. कोट छान बसला. खरं सांगायचं तर थोडी असूयाच वाटली. या वयात बारीक होतेय बाई.

१६ सप्टेंबर, शनिवार

माझी पाळी. बस डेपोच्या मागे ड्रायव्हर लोकांची खानावळ आहे, तिथे नेलं. लांब बाकडी, खोल वाडग्यांतून मटणाचा रस्सा आणि अख्खे बटाटे, सोबत जाड पाव. विहीणबाई कुठेही गेल्या तरी आधी हात धुवायची जागा बघून येतात. आल्या आणि म्हणाल्या, "साबण आहे, फडका धुतलेला आहे. बसू." मला वाटलं, जमलं.

पण कसलं जमतंय. मटणाचे तुकडे एकेक करून माझ्या वाडग्यात आले. पाव रश्शात बुडवला, तो भिजून लगदा झाला तेव्हा थोडा तोंडात घातला आणि बाजूला सारला. दोघींत एक बिअर घेतली. त्यांनी ती फेस विरेपर्यंत, बुडबुडे बसेपर्यंत ठेवली. वाढणाऱ्या बाईला राहवेना. "आजी, बिअर आहे ती, औषध नाही."

"जन्मभर लोकांना औषध पाजलं मी," विहीणबाई म्हणाल्या. "आता मला माझ्या चालीने पिऊ द्या."

मी माझं खाल्लं, त्यांचंही खाल्लं, कमरेचं हूक सैल केलं. त्या हनुवटीखाली हात घेऊन बघत होत्या. "बटाटा आतपर्यंत शिजलाय? रस्सा तिखट आहे का? सांगा ना." मी म्हटलं, तुमच्यासमोर वाडगं आहे, खाऊन बघा. तर म्हणाल्या, "तुम्ही सांगता तेच बरं लागतं."

नापास. का ते मला विचारू नका. सामना आपण जिंकलो.

३० सप्टेंबर, शनिवार

त्यांची पाळी. स्टेडियमच्या मागच्या रस्त्याला एक सूपचं दुकान. दुकान कसलं, चार टेबलं आणि दोन पातेली. भोपळ्याचं सूप, दाण्याएवढंही काही दाताखाली येत नाही असं. मला तर आजारी माणसाचं जेवण वाटलं, पण पाळी त्यांची.

एक वाडगं सूप संपवायला किती वेळ लागावा? मी घड्याळ लावून पाहिलं, पंचेचाळीस मिनिटं. एक चमचा, मग थांबायचं, मान जरा खाली घालायची, मग पुढचा. माझं कधीच संपलेलं. बाहेरून लोक झेंडे घेऊन निघाले, मग पळत निघाले, मग रस्ता रिकामा. मी म्हटलं, अहो चला. "आलेच." पुन्हा चमचा.

आम्ही जागेवर पोचलो तेव्हा गोल होऊन गेला होता. पुढच्या ओळीतला टोपीवाला वळून म्हणाला, "आज कशा राहिलात?" मी म्हटलं, विचारा यांना, सूप मोजून पीत होत्या. जरा जोरातच म्हटलं. आमच्या ह्यांनी आणि व्याह्यांनी कधी पहिली शिट्टी चुकवली नव्हती.

वाडग्याच्या तळाशी दोन चमचे राहिलंच होतं. म्हणजे हेही नापास.

८ ऑक्टोबर, रविवार

घरात काहीतरी शिजतंय आणि मला कुणी सांगत नाही. सून सकाळ-संध्याकाळ मिक्सर फिरवते. काय करतेस विचारलं तर म्हणते, आईसाठी. रोज संध्याकाळी डबा घेऊन तिकडे जाते, परत येते तेव्हा डोळे लाल. जेवायला बसत नाही. ओट्याशी उभी राहून, पाठ आमच्याकडे करून दोन घास खाते आणि ताटली विसळून टाकते.

मुलाला विचारलं, तुमच्यात काही झालंय का? तो म्हणाला, "नाही गं आई. तू जरा गप्प बस ना थोडे दिवस." मला गप्प बस म्हणाला. माझ्या घरात, माझ्याच मशीनशी.

मला वाटतं ही दोघं वेगळं राहायचं ठरवतायत. बहुतेक तिच्या आईकडेच. आणि विहीणबाईंना ते माहीत आहे, म्हणून माझ्यासमोर त्यांना घास गोड लागत नाही. अपराधी माणसाच्या घशाखाली अन्न उतरत नाही. एकदा हा धागा हाताला लागला आणि सगळं उसवत गेलं. जातात तर जाऊ देत, पण समोर सांगा की. मी काय वाघ आहे?

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज मी हट्टाने मोठ्या हॉटेलात नेलं. पहिल्या मजल्यावर, पांढरे टेबलक्लॉथ, खिडकीतून स्टेडियमचे दिव्यांचे खांब दिसतात. आठवडाभर आधी टेबल सांगून ठेवलं होतं. म्हटलं, इथे नावं ठेवायला काही उरणार नाही.

वेटर आला, पाठीत वाकून उभा राहिला. विहीणबाईंनी कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "मला आइस्क्रीम. साधं."

"आणि जेवणात, मॅडम?"

"हेच जेवण."

माझं डोकं फिरलं. मी भाजलेलं मटण मागवलं, दोघींना. आलं तसं त्यांच्या ताटात वाढलं. मग बोलले, जिभेला हाड नसल्यासारखी बोलले. म्हटलं, किती नाटकं कराल? लहान मूल तरी बरं. माझ्याबरोबर खायचं नसेल तर तसं सांगा, मी दर वेळी जागा शोधत वणवण करते ती कुणासाठी? शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

त्यांनी ताट पुढे ओढलं. सुरीने एक तुकडा कापला, मग तो आणखी कापला, आणि तोंडात घातला. किती वेळ चावत होत्या. माझ्याकडे बघत होत्या, हसल्यासारखं करून. मग दुसरा तुकडा. मग "आले हं" म्हणून आत हात धुवायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी माझं संपवलं, आइस्क्रीम वितळलं. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस विंचरलेले, ओठांना थोडा रंग लावलेला. म्हणाल्या, "मटण चांगलं होतं."

बघा. कधीकधी माणसाला रागवावंच लागतं. दोन घास तरी पोटात गेले.

सामन्यात बोलल्या नाहीत फारसं. बरोबरी झाली.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

सून म्हणाली, आई मावशीकडे गेलीय, पंधरा दिवसांनी येईल. मला एका शब्दाने सांगितलं नाही. मटणाचा राग असणार. बरं. मीही फोन करणार नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

फोन केला. बंद आहे.

२८ ऑक्टोबर, शनिवार

एकटी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. कुठे जेवायचं ते ठरेना. डेपोपर्यंत गेले, परत फिरले. सूपच्या दुकानाशी उभी राहिले, आतल्या माणसाने ओळखून हात केला, तरी पाय आत गेला नाही. शेवटी फाटकाजवळ उकडलेलं अंडं आणि चहा. चहा बरा होता.

शेजारची खुर्ची मिटलेली तशीच. टोपीवाल्याने विचारलं, "जोडी फुटली?" मी म्हटलं, बहिणीकडे गेल्यात, येतील. तो म्हणाला, "त्या नाहीत तर शिव्या घालायला मजा येत नाही. त्या रेफ्रीला फार सभ्य शिव्या देतात."

मी मध्यंतरातच निघाले.

त्या आल्या की मीच बोलेन आधी. त्यात काय कमीपणा आहे?

१ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सून एक गाऊन घेऊन मशीनपाशी आली. तिच्या आईचा, सुती, फुलाफुलांचा. म्हणाली, "अहो आई, याला एक काज करून द्याल?"

कुठे, विचारलं. तिने गाऊन स्वतःच्या अंगाला लावला आणि डाव्या बरगडीच्या खाली बोट ठेवलं. मी म्हटलं, तिथे कशाला, तिथे बटण कुठून येणार? म्हणाली, "बटण नकोय. नुसतं काज. एवढं." करंगळी दाखवली.

मी चव्वेचाळीस वर्षं शिवतेय. काजातून काहीतरी जावं लागतं. मी विचारलं, यातून काय जाणार आहे?

ती खाली बसली. जमिनीवरच, चिंध्यांत. तिने सांगितलं ते सगळं मला एका वेळी समजलं नाही. अन्ननलिकेत गाठ. जुलैत कळलं. कापून काढण्यासारखी नाही, पुढे पसरली आहे. मावशी नाही, इस्पितळ. गेल्या महिन्यात सोळा तारखेला नेलं. आता खाणं पोटात नळीने जातं, नळी बरगडीखालून बाहेर येते. डबे म्हणजे गाळलेली पेज. कुणाला सांगायचं नाही, आणि मला तर अजिबात नाही, अशी त्यांनी दोघांना शपथ घातली होती.

सोळा तारीख. मटण चौदाला.

मी विचारलं, त्या दिवशी हॉटेलात त्यांनी माझ्यासमोर... सुनेने एक चिंधी उचलून बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "तो घास अडकला होता. दोन दिवस पाणीसुद्धा उतरत नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात तसंही होणारच होतं."

तसंही होणारच होतं. हे तिने माझ्यासाठी सांगितलं.

काज केलं. कडा दोनदा वळवल्या, आतून मऊ कापडाची पट्टी लावली, कातडीला घासू नये म्हणून. माझ्या हातून एवढं नीट काज आजवर झालं नव्हतं. साडेतेहतीस कंबर माझ्या हाताने लिहिलेली आहे या वहीत. मी टेप पुन्हा लावून पाहिली होती. माणसाकडे पाहिलं नाही.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज विहीणबाईंकडे गेले. घरी आणलं आहे त्यांना. पुढच्या खोलीत खाटेवर, उशांना टेकून बसल्या होत्या. बांगडीएवढं मनगट. गाऊन घातला होता. मला बघून काजावर हात ठेवून म्हणाल्या, "काम फर्स्ट क्लास. शिंपीण हुशार आहे, पण तिला सगळं उशिरा कळतं."

मी रडले. त्या रागावल्या. "बास. मी वॉर्डात रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? सगळं जग सोडून माझ्यापासूनच लपवलंत?

त्या उशीवर जरा वर सरकल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर जेवला असतात माझ्यासमोर?"

मी त्यांच्या पांघरुणाची कड सरळ करत राहिले.

"घरी कळल्या दिवसापासून माझ्यासमोर कुणी जेवत नाही. मुलगी चोरून खाते, ओट्याशी, पाठ करून. जावई म्हणतो, ऑफिसात खाऊन आलो. मी आले की ताटं झाकतात, कुणी मेल्यासारखं. तुम्ही तेवढ्या समोर बसून हादडत होतात. दोन दोन वाडगी. हूक सैल करत होतात." त्या हसल्या, मग खोकल्या. "मला ते बघायचं होतं. पंधरा दिवसांतून एकदा तरी."

मी म्हटलं, आणि मी तुम्हाला मटण खायला लावलं.

"तुम्ही नाही लावलंत. मी नर्स आहे, मला माहीत होतं काय होईल. पण तुमचं तोंड एवढं उतरलं होतं. म्हटलं, एक घास. मटण खरंच चांगलं होतं. आत जाऊन बाहेर आलं, तरी चव कळली."

घरी येऊन हे लिहितेय. अक्षर बघा कसं झालंय.

११ नोव्हेंबर, शनिवार

त्यांनी हुकूम सोडला होता. सामन्याला जायचं, आधी नव्या जागी जेवायचं, आणि येऊन सगळं सांगायचं. "काय होतं, कसं होतं, कुणी वाढलं. आणि हात धुवायची जागा बघायची."

मी गेले. फाटकाच्या पलीकडे मासेवाल्यांच्या गल्लीत एक जागा आहे, भात आणि वाफवलेली मासळी देतात. मागवलं. समोर आलं, वाफ निघत होती. एक घास घेतला. तो घशाशी आला आणि थांबला. मला काही झालेलं नाही, माझा घसा धडधाकट आहे, पण उतरेना. पाणी प्यायले. दुसरा घास ताटातच फिरवत राहिले. मालकीण येऊन म्हणाली, "बाई, बिघडलंय का काही?" मी म्हटलं नाही, तुमचं काही बिघडलेलं नाही.

संध्याकाळी जाऊन सांगितलं. भात मोकळा होता, मासळी ताजी, वर आल्याच्या बारीक काड्या, मी दुसऱ्यांदा भात घेतला, ताट चाटून पुसून. विहीणबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "मीठ?"

"बेताचं."

"काटे?"

"होते की, काढले."

"खोटं बोलताय. जिभेवर घास ठेवलेला माणूस असं सांगत नाही." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मला जेवता येत नाही आणि त्यांना फसवता येत नाही. काय करावं?

१९ नोव्हेंबर, रविवार

सुनेला विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. म्हणाली, महिना. मग म्हणाली, कदाचित नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. ती ओट्याशी, मी दाराशी.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सामन्याला गेले नाही. त्यांना ताप होता. दिवसभर पाय चेपत बसले. रेडिओवर सामना लावला होता, आपण हरलो. त्यांनी रेफ्रीला एक सभ्य शिवी दिली.

मी निघताना म्हणाल्या, "नऊ तारखेला मला न्या." मी म्हटलं, उत्तरेच्या स्टँडला सत्तावन्न पायऱ्या आहेत. म्हणाल्या, "सामना कोण बघतंय?"

९ डिसेंबर, शनिवार

नेलं. मुलाने गाडी काढली, चाकाची खुर्ची मागे टाकली. डेपोमागच्या खानावळीतच जाऊ म्हणाल्या. मुलगा गाडीत थांबला, त्याला आत यायला सांगितलं नाही. करडा कोट आता खांद्यांवरून नुसता लोंबत होता. मी नव्याने माप घेतलं नाही, त्यांनीही मागितलं नाही.

दुपारचे दोन. सगळी खानावळ भरलेली, गळ्यात मफलर घातलेली माणसं, गाणी, बाकाला बाक लागलेलं. आम्हाला कडेला जागा करून दिली. वाढणाऱ्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता एकच वाडगं आणलं, मोठं. बाईला समज आहे.

अडीचला विहीणबाईंच्या जेवणाची वेळ झाली. मी म्हटलं, गाडीत जाऊ या का? "का? लोक इथेच जेवतायत ना?" कोटाची बटणं सोडली. काजातून नळीचं टोक बाहेर काढलं, पिशवीतून मोठी सिरिंज काढली, पेज भरली आणि सावकाश दाबायला लागल्या. हात त्यांचा अजून नर्सचाच, एक थेंब सांडला नाही. शेजारच्या बाकावरचा एक माणूस बघत राहिला. त्या त्याला म्हणाल्या, "तांदूळ, गाजर आणि दूध. तुमचं काय?"

तो गडबडला. "मटण, आजी."

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

"मग खा. गार होतंय."

मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही."

मी चमचा उचलला. पहिला घास तसाच घशाशी थांबला. त्या बघत होत्या. या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलं. गालांची हाडं, कानामागून गेलेली शीर, डोळे मात्र तेच, वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत बघणारे. त्यांना भूक होती. पोटाची नाही. मी घास गिळला.

"सांगा."

मी सांगायला लागले. रस्सा आज पातळ आहे, मिरी जास्त पडलीय. बटाटा बाहेरून विरघळतोय पण मध्ये जरा कच्चा आहे, घाईत शिजवला असणार, गर्दी आहे ना. मटण मऊ आहे, हाडाजवळचं जास्त चांगलं. पाव सकाळचा. हे बघा, इथे करपलाय. त्या मान हलवत होत्या. मध्येच म्हणाल्या, "करपलेला तुकडा चावून बघा ना." चावला. म्हटलं, कडू, पण मागून गोड. "हो," त्या म्हणाल्या. "तसाच लागतो."

मी रडत होते आणि खात होते. नाक पुसायला रुमाल त्यांनीच दिला. "खारट झालं असेल आता," म्हणाल्या.

साडेतीनला माणसं उठायला लागली. पावणेचारला खानावळ रिकामी झाली, बाकांवर नुसती वाडगी. वाढणारी बाई ती गोळा करत होती. चारची शिट्टी आम्हाला ऐकू आली नाही, पण माणसांचा आवाज आला, सगळं स्टेडियम एकदम. माझ्या वाडग्यात थोडा रस्सा होता, तो पावाने पुसून खाल्ला. त्यांनी वाडगं आपल्याकडे ओढून आत पाहिलं.

"अजून काहीतरी मागवा," त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात जागा नव्हती. मी मागवलं.

ते येईपर्यंत त्या माझ्या खांद्याला टेकल्या होत्या. बाहेर पुन्हा आवाज झाला, गोलाचा. आपला की त्यांचा, ते आम्हाला कळलं नाही. बाई म्हणाली, रेडिओ लावू का? विहीणबाई म्हणाल्या, "नको. यांचं जेवण व्हायचंय."

१४ डिसेंबर, गुरुवार

काल सकाळी साडेनऊला विहीणबाई गेल्या. सून उशाशी होती, मी पायाशी. त्रास झाला नाही. म्हणजे जेवढा व्हायचा तेवढा आधीच झाला होता.

आज दिवसभर माणसं आली, बसली, गेली. दुपारी शेजारणीने भात आणि भाजी आणून ठेवली. कुणी हात लावला नाही. तीनच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात गेले तर सून ओट्याशी उभी, पाठ माझ्याकडे, हातात रिकामी ताटली.

मी म्हटलं, बस.

"भूक नाही, अहो आई."

मलाही नाही. बस तरी.

तिला खांद्याला धरून टेबलाशी आणलं, समोरासमोर खुर्च्या केल्या, दोघींना वाढलं. ती भाताकडे बघत राहिली. मग भात कालवला आणि आधी मीच घास घेतला, तिला दिसेल असा.